सेतुरावांचे थांबे

लांबच्या गाडीत बसून एका दमात मुक्कामाला पोचणाऱ्या माणसांची सेतुरावांना काळजी वाटायची. राग नव्हे, काळजीच. तापातल्या माणसाकडे पाहावं तसं ते अशा माणसाकडे पाहायचे.

मी आडुतुरैच्या भातसंशोधन केंद्रात नोकरीला लागले आणि कुंभकोणमला त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. पहिल्याच दिवाळीला वर्ध्याला निघायचं होतं. बॅग घेऊन जिना उतरत होते, तर सेतुराव खाली झोपाळ्यावर बसलेले.

"कोठें थांबणार?"

"थांबणार कुठे, मामा? चेन्नईला गाडी बदलायची आणि सरळ वर्धा."

"अस्कं एका दमांत?" ते म्हणाले आणि आतल्या दाराकडे वळून बायकोला, जानकीअक्कांना, ऐकू जाईल अशा बेताने पुन्हा म्हणाले, "पोरगी अस्कं एका दमांत जात्ये मणे."

'अस्कं' म्हणजे सगळं. सेतुरावांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आले आणि इथलेच झाले. आणलेली मराठी त्यांनी घरात जपली. बाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत ती. सुरुवातीला मला तिचं हसू यायचं. पुढे पुढे ती ऐकताना वेगळंच वाटू लागलं. शेजारच्या खोलीत कुणी फार पूर्वी बोललेलं वाक्य आपल्याला आत्ता ऐकू यावं, तसं.

सेतुरावांचं पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. उंच, सडपातळ, खांद्यात किंचित वाकलेले, कमरेला लुंगीसारखी गुंडाळलेली पांढरी वेष्टी आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट. गिऱ्हाईक समई निवडायला लागलं की ते प्रत्येक समईवर बोटाच्या पेराने टकटक करत आणि कान देत. आवाज पसंत पडला नाही तर विकायचेच नाहीत. पण गावात त्यांची ओळख होती ती दुसऱ्याच कामासाठी. कुणाला दिल्लीला लग्नाला जायचं असो, काशीला जायचं असो की नागपूरला लेकीकडे, मराठी घरातलं आणि शेजारपाजारचंही माणूस आधी सेतुरावांच्या दुकानात येऊन विचारायचं, वाटेत थांबायचं कुठे?

शहरात थांबायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. त्यांना लहान स्टेशन लागायचं. एखादंच बाक असलेलं, स्टेशनापेक्षा जुनं झाड असलेलं, आणि चालत जाता येईल इतक्या अंतरावर पाणी. तळं चालेल, ओढा चालेल, नदी असेल तर उत्तम. मोठ्यांना ते काही विचारत नसत. मुलांना विचारत, "पाण्यांत पाय घालून उगा बसवेल की?" मूल हो म्हणालं की मग डोळे मिटून थोडा वेळ बसायचे, ओठांतल्या ओठांत कुणाशी तरी सल्लामसलत केल्यासारखे. डोळे उघडून स्टेशनाचं नाव सांगायचे. सकाळी उतरायचं, दिवसभर झाडाखाली राहायचं आणि "सांज पडायच्या आंत गाडींत बसायचं." हे शेवटचं वाक्य ते दोनदा म्हणत. का, असं कुणी विचारत नसे.

लोक परत येऊन फोटो दाखवायचे. सेतुराव फोटो बघत नसत. ते एवढंच विचारायचे, "तेथें तुमाला कोणी कांहीं विचारलं की?"

मला त्या दिवाळीला त्यांनी थांबा दिला तो बल्लारशाच्या अलीकडच्या सागवानी जंगलातला. चेन्नईहून निघालेली गाडी सोडून पॅसेंजरने त्या स्टेशनावर उतरायचं, समोरच्या पायवाटेने तळ्यावर जायचं. तिथे सरकारी विश्रामगृह आहे, रखवालदाराला सांगितलं की तो भात करून देतो. मी कुरकुरत उतरले आणि उतरल्याचं सार्थक झालं. तळ्यात पाणकोंबड्या होत्या, सागाची मोठाली पानं वाऱ्याशिवाय खाली येत होती. गाडीत आखडलेलं अंग मोकळं झालं. रखवालदाराने भात वाढला. मी कुंभकोणमहून आले म्हटल्यावर त्याने माझ्या मागे पाहिलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "रावसाहेब नाही आले? म्हणाले होते, पुढच्या खेपेला कुणाला तरी पाठवतो."

मला त्यात विशेष काही वाटलं नाही. परतल्यावर सेतुरावांना मी सांगितलं, तुमची आठवण काढत होता. त्यांच्या हातात तांब्या होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

"मी तेथें कधीं गेलों नाहीं," ते म्हणाले.

"मग स्टेशन कसं माहीत? तळं, रखवालदार?"

"गोंदूला काय आवडंल तें मी विचार करतों. मग तें असतं तेथें."

गोंदूबद्दल मला जानकीअक्कांनी सांगितलं. सकाळी त्या अंगणात कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, घालत होत्या आणि मी पायरीवर कॉफी घेऊन बसले होते. गोविंदराव हा सेतुरावांचा पाठचा भाऊ. वर्षाचंही अंतर नसेल. दोघं इतके सारखे दिसायचे की आईसुद्धा हाक मारताना चुकायची. दोघं तरुण असताना नागपूरला बहिणीकडे निघाले होते. त्या जंगलात एका लहान स्टेशनावर गाडी उगाच थांबली. गोंदू खिडकीतून बघत होता. म्हणाला, तिथे झाडीत पाणी दिसतंय, बघून येतो. सेतुराव अर्धवट झोपेत 'ये लवकर' म्हणाले. गाडी सुटली तेव्हा त्यांना वाटलं, दुसऱ्या डब्यात चढला असेल. पुढच्या स्टेशनावर सगळी गाडी धुंडाळली. मागे परतले, पोलीस आले, गावकरी आले. तिथे पाणी नव्हतंच. नुसती झाडं.

"माझं लग्न त्याच्या नंतर झालं," जानकीअक्का म्हणाल्या. "त्याला मी पाहिलीच नाहीं. फोटो आहे आंत."

तो फोटो मी पाहिला होता. स्टुडिओत काढलेला, एकसारख्या शर्टातली दोन मुलं. यातले तुम्ही कोणते, असं मी सेतुरावांना एकदा विचारलं तेव्हा त्यांनी डावीकडच्यावर बोट ठेवलं होतं. काही महिन्यांनी दुसऱ्या कुणीतरी विचारलं, तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी उजवीकडच्यावर ठेवलं. चुकलं असंही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

म्हणजे गावातल्या सगळ्या कुटुंबांना सेतुराव जे थांबे देत होते, ते गोंदूच्या आवडीचे थांबे होते. आपण एकटे किती ठिकाणी जाणार, म्हणून माणसं पाठवत होते. आणि कुणी ना कुणी परत येऊन सांगायचं, की तिथल्या चहावाल्याने, गुराख्याने, फाटकावरच्या माणसाने विचारलं, रावसाहेब कसे आहेत?

दुसऱ्या वर्षी आम्ही एकाच गाडीने निघालो. त्यांना नागपूरला, मला वर्ध्याला. ते नेहमी इंजिनाकडे पाठ करून बसत. मी कारण विचारलं. "मागं राहिलं तें दिसतं मणून," म्हणाले. जानकीअक्कांनी दिलेला चिंचेचा भात आम्ही केळीच्या पानावर खाल्ला. थांबा आधीच ठरलेला होता, तेच तळं. वरंगळ गेलं आणि सेतुराव एकदम उठून उभे राहिले.

"तेथें नको. दुसरीकडं उतरूं."

"कुठे?"

"ठरवायचं नाहीं. गाडी हळू झाली की उतरायचं. आज बघूं त्याला कसं कळतं."

गाडी हळू झाली ते स्टेशन इतकं लहान होतं की आमच्याशिवाय कुणी उतरलं नाही. सकाळची वेळ होती, स्वच्छ ऊन होतं. रुळांच्या पलीकडे आमराई आणि आमराईच्या टोकाला नदी. वाटेवर एक म्हातारी चुलीवर चहा करत होती. तिने सेतुरावांकडे पाहिलं आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली. सेतुरावांना तेलुगू येतं. मी विचारलं, काय म्हणते?

"मणते, अय्या, अत्तांच चहा घेऊन गेलांत. पुन्हां हवा की?"

त्यांनी पुन्हा चहा घेतला. पेला तोंडाला लावण्याआधी त्याच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. मग आम्ही नदीवर गेलो. वाळूत कुणी नव्हतं. काठावरच्या आंब्याच्या खालच्या फांदीवर एक पांढरी वेष्टी वाळत घातली होती, अजून ठिबकत होती. सेतुरावांनी तिचा काठ दोन बोटांत धरला. बारीक हिरवा काठ. त्यांच्या अंगावर होती तशीच. मी हाका मारू का म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. झाडाखाली ते बसले आणि दुपारभर तसेच बसून राहिले. मला नुसतं बसवेना. मी बाटल्या भरायला स्टेशनवर गेले. परत आले तेव्हा सेतुरावांचा डोळा लागला होता आणि फांदीवर काही नव्हतं.

मी त्यांना उठवलं. त्यांनी फांदीकडे पाहिलं, आणि मग स्वतःच्या वेष्टीकडे. तिचा खालचा काठ ओला होता. "नदीत उतरला होतात का?" मी विचारलं.

"आठवत नाहीं," ते म्हणाले.

संध्याकाळच्या आत आम्ही गाडीत बसलो. त्या प्रवासात ते एकच वाक्य बोलले. "तो हरवला असं मी समजलों होतों. तो तर मलाच बघत फिरतोय."

हे सगळं मी परतल्यावर जानकीअक्कांना सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही, त्यांना कळायलाच हवं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, देवासमोर दिवा लावला आणि सेतुरावांना बोलावून त्या दिव्यावर हात ठेवायला लावला. पुन्हा त्या वाटेने जाणार नाही, असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. सेतुरावांनी वर्षभर ते पाळलं. गावातली माणसं थांबे विचारायला येत, ते देत. स्वतः मात्र कुठे गेले नाहीत. झोपाळ्यावर बसून तासनतास पायाच्या अंगठ्याने जमीन रेटत राहायचे.

त्या वर्षी मी एकटीच वर्ध्याला निघाले. थांबा नको, सरळ जाते, असं मीच म्हटलं. जंगलात गाडी एका लहान स्टेशनावर थांबली. मागची जलद गाडी पुढे काढायची असावी. ऊन कललं होतं. समोर एकच बाक, त्यावर पांढऱ्या वेष्टीतला एक माणूस. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "मामा?"

त्याने मान वळवली. तेच कपाळ, तेच जाड भुवयांचे डोळे. खांदे मात्र ताठ. तो हसला आणि खिडकीपाशी आला. त्याच वेळी गाडी हलली. तो गाडीबरोबर चार पावलं चालला.

"जानकीला सांग," तो म्हणाला, "येतों मणून."

बोली तीच. आवाजही तोच. मला वाटलं, सेतुरावांनी शपथ मोडली. पुढच्या स्टेशनाला रेंज आली तसा मी घरी फोन लावला. जानकीअक्कांनी उचलला. मामा कुठे आहेत, मी विचारलं.

"हे काय, झोपाळ्यावर. देऊं की?"

झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज मला ऐकू येत होता. सेतुराव फोनवर आले. मी पाहिलं ते सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं केस पिकलेत का, अंगावर शर्ट होता का, पायात काही होतं का. मी सांगत गेले. शेवटी निरोप सांगितला.

"जानकी मटला? नांव घेऊन?"

"हो."

कड्यांचा आवाज थांबला. "तो गेला तेव्हां ही घरांत आली नव्हती," सेतुराव म्हणाले. "त्याला नांव कोणी सांगटलं?"

दुसऱ्या दिवशी ते निघाले. जानकीअक्कांनी अडवलं नाही. त्या मला नंतर म्हणाल्या, घरात बसलेल्या माणसाला असं रोज वाळताना बघण्यापेक्षा जाऊन येऊ दे, असं वाटलं.

मी सुट्टी संपवून परतले तेव्हा सेतुराव घरी आलेले होते. दुकानात बसले होते. मला पाहून मनापासून हसले. "आलीस? बरं केलीस." भेटला का, असं मी विचारलं.

"कोण?" ते म्हणाले. मग आठवल्यासारखं करून, "अगो, तेथें कोणी नाहीं. उगा भास."

त्या दिवसापासून त्यांच्यात जो फरक पडला तो चांगलाच होता. जेवण वाढलं. पाठ सरळ झाली. संध्याकाळी दुकानातून येताना ते गुणगुणत यायचे. समईला टकटक करणं बंद झालं, गिऱ्हाईक मागेल ती समई ते कागदात गुंडाळून देत. तिरुविडैमरुदूरचं एक कुटुंब थांबा विचारायला आलं, तेव्हा त्यांनी हसून सांगितलं, "कसाला उतरतां? सरळ जा. वाटेंत काय आहे?" ती माणसं अवघडून एकमेकांकडे बघत राहिली. गावात सगळे म्हणाले, बरं झालं, राव सावरले. मलाही तसंच म्हणायचं होतं. पण जिन्यावरून उतरताना ते झोपाळ्यावर दिसले की मी पायांचा आवाज करत उतरायला लागले. का ते मला नीट सांगता येणार नाही. अचानक समोर जाऊ नये, असं वाटायचं.

काही महिन्यांनी मला वर्ध्याजवळच नोकरी मिळाली. सामान आधी पाठवून दिलं. निघायच्या सकाळी सेतुराव दुकानात गेले होते. जानकीअक्का स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी चिंचेचा भात केला होता. केळीच्या पानात बांधून, वर वर्तमानपत्र आणि दोरा. दोन पुड्या होत्या. एक माझ्या हातात दिली, दुसरीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"लग्न होऊन इतकी वर्षं झालीं," त्या म्हणाल्या, "हे मला कधीं नांवानं बोलावले नाहींत. अमच्यांत पुरुष बायकोचं नांव घेत नाहींत. अगो मणायचे, नाहीं तर नुसतं खोकायचे. परत आले त्या दिवशीं दारांत उभं राहून हांक मारली. जानकी मणून."

मी हातातली पुडी पिशवीत ठेवली.

"त्रास कांहीं नाहीं. फार चांगलं वागतात. जेवण बरं झालं तर बरं झालं मणतात. मी विचारलं नाहीं, तूही विचारूं नको. विचारलं आणि सांगटलं तर मग मी कोठें जाऊं?" त्यांनी दुसरी पुडी माझ्या पिशवीत ठेवली. "ही तुला नाहीं. त्या स्टेशनावर गाडी थांबली, आणि तेथें कोणी बसलं असलं, तर दे."

"आणि कुणी नसलं तर?"

"तर बरंच."

स्टेशनवर मला सोडायला त्या आल्या नाहीत. वाटेत दुकानावरून रिक्षा गेली. ते बाहेर येऊन ताठ उभे राहिले आणि हात वर केला. मीही केला.

गाडी त्या स्टेशनावर थांबेल अशी मला खात्री नव्हती, थांबू नये असंही वाटत होतं. जंगल सुरू झालं तशी मी पुडी मांडीवर घेऊन बसले. गाडी हळू झाली आणि थांबली. दुपारचं लख्ख ऊन होतं. झाडांच्या सावल्या बुंध्यापाशी गोळा झालेल्या. बाकावर एक माणूस बसला होता, पाठ आमच्या गाडीच्या इंजिनाकडे, तोंड मागच्या रुळांकडे. वेष्टी मळली होती. केस वाढले होते. खांद्यात वाकलेला.

मी हाक मारली नाही. माझ्याच्याने ती मारवेना. पण पुडीचा वास गेला असेल किंवा काय, तो उठला आणि सावकाश खिडकीपाशी आला. खिडकीच्या गजावर त्याने बोटाच्या पेराने टकटक केलं, कान दिला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. ओळख पटली की नाही, मला कळलं नाही. मी पुडी गजांतून बाहेर धरली. त्याने दोन्ही हातांनी घेतली, दोरा सोडला नाही, नुसती नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून उभा राहिला.

गाडी हलली. तो चालला नाही, जागेवरच राहिला.

"ती जेवली की?" त्याने विचारलं.